लांकडांतील शकावली : वर्षवलयांवरून वृक्षाच्या गत वाढीचा शोध

(१)

जुना वाडा उतरवीत असतां एखादी सागवानी तुळई करवतीनें कापली जाते. तिच्या तोंडावर वर्तुळाकार रेघा दिसतात. कोणी हौशी गृहस्थ त्या मोजतो, आणि रेघा एकशें बारा भरल्या म्हणजे ‘वाडा एकशें बारा वर्षांचा’ असा निर्णय ऐकूं येतो. हा निर्णय अगदीं सरळ दिसला तरी तो सर्वस्वी चुकीचा आहे. त्या एकशें बारा रेघा झाड जिवंत असतांनाच्या वर्षांच्या आहेत. झाड तोडल्यावर त्याच्या लांकडांत नवें वलय पडत नाहीं. मग ती तुळई घरांत दहा वर्षें राहिली काय किंवा तीनशें वर्षें राहिली काय, वलयांची संख्या तीच राहणार. म्हणजे मोजणाऱ्यानें वाड्याचें वय म्हणून जें सांगितलें, तें वाडा बांधण्यापूर्वींच संपलेल्या एका आयुष्याचें माप होय. आणि तेंही बहुधा अपुरें.

तथापि एवढी चूक दाखवून विषय सोडून देणें इष्ट नव्हे. त्या रेघांत काळ खरोखरच नोंदलेला असतो. तो कसा वाचावा, कोठें विश्वास ठेवावा व कोठें ठेवूं नये, याचें शास्त्र विसाव्या शतकांत सिद्ध झालें आहे. जुन्या कागदांचा व पोथ्यांचा व्यासंग करणाऱ्यांस त्या शास्त्राची रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. अनेक प्रती जमवून पाठ ताडून पाहण्याची जी आपली रीत, तीच येथें लांकडास लाविली आहे.

(२)

प्रथम वलय पडतें कसें तें पाहूं. झाडाची साल व आंतील लांकूड यांच्यामध्यें एक अत्यंत पातळ असा जिवंत थर असतो. तो आपल्या आंतल्या अंगास नवें लांकूड व बाहेरच्या अंगास नवी साल घालीत जातो. त्यामुळें खोडांतील सर्वांत जुनें लांकूड मध्यावर आणि सर्वांत नवें सालीखालीं असतें. ही घडण वर्षभर सारख्या वेगानें चालली तर वलय दिसणारच नाहीं. वर्षांतून एकदां वाढ थांबली पाहिजे. थंड देशांत हिवाळा ती थांबवितो. आपल्याकडे पाऊस सरल्यानंतरचा कोरडा काळ तें काम करितो.

सागाचें उदाहरण घेऊं. उन्हाळ्यांत साग पानें गाळून उभा असतो. नवी पालवी फुटून वाढीचा हंगाम सुरू झाला म्हणजे जें पहिलें लांकूड बनतें त्यांत पाणी वाहून नेणारीं मोठमोठीं छिद्रें एका ओळींत पडतात. पावसाळा पुढें सरकतो तसतशीं छिद्रें लहान व विरळ होतात आणि लांकूड घट्ट होतें. मग वाढ थांबते. पुढच्या वर्षीं पुन्हां मोठ्या छिद्रांची ओळ येते. घट्ट लांकडास लागून एकाएकीं मोठीं छिद्रें दिसूं लागलीं कीं तेथें एक वर्ष संपून दुसरें लागलें असें समजावें. ही खूण साध्या भिंगानेंही दिसते. मात्र तोंड चांगलें घासून गुळगुळीत केलेलें असावें.

हा गुण सर्वच झाडांत नाहीं. आंबा, फणस यांसारख्या सदाहरित झाडांत वर्षाची सीमा बहुधा स्पष्टपणें ओळखतां येत नाहीं. आपल्या देशांतील कोणत्या झाडांत वलयें कशीं पडतात याचा पद्धतशीर अभ्यास डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेंत के. ए. चौधरी यांनीं १९४० च्या सुमारास केला. तेव्हां पहिला प्रश्न ‘किती रेघा?’ हा नव्हे, तर ‘लांकूड कोणतें?’ हा होय.

(३)

वलयांवरून झाडाची गत वाढ कशी काढितात? सर्वांत बाहेरचें वलय ज्या वर्षाचें असेल तें वर्ष ठाऊक असल्यास तेथून आंत एकेक वर्ष मोजीत जावें व प्रत्येक वलयाची रुंदी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजून लिहून ठेवावी. नंतर मध्यापासून एखाद्या वर्षापर्यंतच्या रुंद्यांची बेरीज केली म्हणजे त्या वर्षीं खोडाची त्रिज्या किती होती तें कळतें. दुप्पट केली कीं व्यास. अशा रीतीनें शंभर वर्षांपूर्वीं तें झाड मनगटाएवढें होतें कीं मांडीएवढें, हें कोणी पाहिलेलें नसतां सांगतां येतें. उंचीचीही हीच वाट आहे. बुंध्याशीं ऐशीं वलयें व पांच मीटर उंचीवर चौऱ्याहत्तर वलयें मिळालीं, तर शेंड्यास बुंध्यापासून पांच मीटर चढण्यास सहा वर्षें लागलीं असा अर्थ होतो. यावरून आणखी एक गोष्ट निघते. तुळई खोडाच्या वरच्या भागांतून काढलेली असेल तर तिच्यावरील वलयें झाडाच्या वयापेक्षां कमी भरणारच.

रुंदी वाचतांना मात्र सावध असावें. पांच सेंटीमीटर त्रिज्येच्या कोवळ्या खोडावर पांच मिलिमीटरचें वलय चढलें, तर तोंडावर सुमारें साडेसोळा चौरस सेंटीमीटर नवें लांकूड पडतें. तेवढेंच लांकूड वीस सेंटीमीटर त्रिज्येच्या प्रौढ खोडावर पसरलें तर वलयाची रुंदी सुमारें सव्वा मिलिमीटरच येते. झाडानें केलेलें काम दोन्ही वेळीं सारखेंच. परंतु दुसरें वलय चौपट बारीक दिसतें. म्हणून बाहेरचीं वलयें बारीक आहेत एवढ्यावरून ‘पुढें पाऊस कमी झाला’ असें अनुमान करणें चूक आहे. अभ्यासक प्रथम वयपरत्वें होणारी ही स्वाभाविक घट हिशेबांतून वजा करितात आणि मग प्रत्येक वर्ष आपल्या अपेक्षेपेक्षां अधिक वाढीचें झालें कीं कमी, तें पाहतात.

याखेरीज झाडाचें खासगी चरित्रही त्यांत असतें. शेजारचें मोठें झाड पडून उजेड मिळाला तर अनेक वर्षें बारीक असलेलीं वलयें एकाएकीं रुंद होतात. वणव्याची झळ लागली तर त्या वर्षाच्या वलयांत व्रण राहतो. उतारावर झुकलेल्या झाडाचीं वलयें एका अंगास रुंद व दुसऱ्या अंगास अरुंद पडतात. त्यामुळें निदान दोन दिशांनीं तरी मोजणी करावी लागते. हवामानाचा परिणाम साऱ्या रानावर होतो, चरित्रांतील असे प्रसंग एकट्या झाडावर; हा भेद एका झाडावरून कळत नाहीं, पुष्कळ झाडें ताडल्यावरच कळतो.

(४)

येथें पोथीची उपमा तंतोतंत लागू पडते. एक खोड म्हणजे एक प्रत. त्या प्रतींतही लेखनदोष असतात. फार वाईट वर्षीं, किंवा मोठ्या झाडांच्या सावलींत दबलेल्या झाडांत, खोडाच्या कांहीं भागावर वलयच पडत नाहीं. ही गळालेली ओळ. उलट पावसानें मध्येंच दीर्घ ओढ दिली व नंतर तो पुन्हां लागला, तर एकाच वर्षांत वाढ थांबून फिरून सुरू होते व एका वर्षाचीं दोन वलयें दिसतात, ही द्विरुक्ति. आपल्या पावसाच्या लहरीमुळें सागांत असा दोष आढळतो. एका खोडावरील रेघा कितीही काळजीपूर्वक मोजल्या तरी हे दोष मोजणाऱ्यास कळणार नाहींत, कारण एकाच प्रतीवरून तिच्यांतील अपपाठ ओळखतां येत नाहीं.

उपाय एकच : त्याच प्रदेशांतील दहा-वीस झाडें घ्यावीं आणि त्यांच्या वलयांचा रुंद-अरुंद असा क्रम एकमेकांशीं ताडून पाहावा. अमुक वर्ष सर्वत्र फार अरुंद, पुढचीं दोन रुंद, नंतर एक मध्यम, मग पुन्हां लागोपाठ तीन अरुंद, असा क्रम पंचवीस-पन्नास वर्षें चालला म्हणजे तो दुसऱ्या कोणत्याही काळाच्या क्रमाशीं सहसा जुळत नाहीं. एका झाडांत ओळ गळली असेल तर त्या ठिकाणापासून त्याचा क्रम इतरांहून एका वर्षानें सरकलेला दिसतो, आणि दोष जागच्या जागीं सांपडतो. मोजणी आणि कालनिर्णय यांतील भेद हा असा आहे. रेघा कोणीही मोजील. वर्षाचें नांव मात्र ताडून पाहिल्यावांचून कोणत्याही वलयास देतां येत नाहीं.

(५)

वलयांचा व ऋतुमानाचा संबंध युरोपांतील विद्वानांस पूर्वींच जाणवला होता. १७०९ च्या कडक हिवाळ्यानें झाडांत उमटविलेली खूण ब्यूफों व द्युहामेल यांनीं १७३७ सालीं फ्रान्समध्यें नोंदविली आहे. परंतु ताडून पाहण्याच्या या रीतीस शास्त्राचें रूप दिलें तें अमेरिकेंतील ए. ई. डग्लस यांनीं. हे व्यवसायानें ज्योतिषशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांच्या वाढघटीचा पृथ्वीवरील पावसावर परिणाम होतो काय, हें पाहण्यासाठीं त्यांस जुन्या पावसाची नोंद हवी होती. आणि ॲरिझोनांत इतकी जुनी लेखी नोंद नव्हती. म्हणून १९०४ पासून ते पाइनच्या खोडांकडे वळले. १९११ मध्यें त्यांस असें आढळलें कीं फ्लॅगस्टाफ येथील वलयांचा क्रम दूरच्या प्रेस्कॉट येथील वलयांशींही जुळतो.

पुढें त्याच प्रदेशांतील प्राचीन पुएब्लो वस्त्यांच्या पडक्या घरांतील तुळया त्यांच्याकडे येऊं लागल्या. त्या आपसांत जुळवून ५८५ वर्षांची एक सलग मालिका तयार झाली. परंतु ती अधांतरीं होती. अमुक घर तमुक घरानंतर इतक्या वर्षांनीं बांधलें हें सांगतां येई. इसवी सनाचें वर्ष सांगतां येत नसे. दुसरीकडे जिवंत झाडांपासून मागें जाणारी मालिका तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोंचली होती. दोन्हींच्या मध्यें किती अंतर आहे तें कोणास ठाऊक नव्हतें. मित्या लिहिलेलें एक दफ्तर व केवळ वार लिहिलेलें दुसरें दफ्तर, अशी ती अवस्था होती.

हा सांधा २२ जून १९२९ रोजीं जुळला. ॲरिझोनांतील शो लो या गांवीं एका जुन्या वस्तीच्या अवशेषांत जळून कोळसा झालेली एक तुळई सांपडली. तिला ‘एच. एच. ३९’ असा क्रमांक होता. तिचीं वलयें १२३७ पासून १३८० पर्यंतचीं ठरलीं. बाहेरचा भाग ज्ञात मालिकेशीं जुळला व आंतला भाग अधांतरीं मालिकेच्या शेवटाशीं जुळला. तेव्हां असें दिसून आलें कीं मध्यें मुळीं खंडच नव्हता. दोन्ही मालिका कांहीं वर्षें एकमेकींवर येतच होत्या. परंतु तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ या काळांत, तेथें मोठें अवर्षण पडलें होतें. त्या वर्षांचीं वलयें अत्यंत बारीक व नमुने थोडे, म्हणून ती जुळणी विश्वासानें करतां येत नव्हती. या एका अर्धवट जळक्या लांकडामुळें मालिका इ. स. ७०० पर्यंत सलग झाली आणि पूर्वीं तपासलेल्या कित्येक अवशेषांस एकदम वर्षें मिळालीं. ती तुळई दिसण्यांत सरपणाच्या मोलाची होती, हें संग्राहकांनीं विसरूं नये.

(६)

आतां आपल्या सागाकडे येऊं. जावा बेटांतील सागाच्या वलयांवरून बेर्लागे या डच शास्त्रज्ञानें १९३१ सालीं १५१४ ते १९२९ अशी मालिका प्रसिद्ध केली; उष्ण प्रदेशांतील झाडांवर हें काम होऊं शकतें याचा तो आरंभींचा पुरावा होय. महाराष्ट्रांत ठाणें भागांतील सागाची वलयें व पाऊस यांचा संबंध पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील पंत व बोरगांवकर यांनीं तपासून १९८३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच संस्थेच्या अभ्यासकांनीं केरळांतील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका २०१० मध्यें मांडली. प्रशांत महासागराचें पाणी तापून आपला पाऊस हटतो, अशा वर्षांतील वलयें त्यांत अरुंद आढळतात. हिमालयांत देवदारासारख्या वृक्षांवरून याहून बऱ्याच लांबच्या मालिका तयार झाल्या आहेत.

याच २०१० सालीं कुक व त्यांचे सहकारी यांनीं मोसमी आशियांतील तीनशेंहून अधिक ठिकाणच्या वलयमालिका एकत्र करून वर्षवार अवर्षणाचे नकाशे काढिले. त्यांत १७५६ ते १७६८, १७९० ते १७९६ व १८७६ ते १८७८ हीं मोठीं अवर्षणें उठून दिसतात. यांपैकीं शेवटचीं दोन आपल्या परिचयाचीं आहेत. १७९१-९२ चा (शके १७१३) कवट्यांचा दुष्काळ आणि शके १७९८ पासूनचा १८७६-७८ चा दुष्काळ त्याच काळांत येतात. कागद व झाड या दोन साक्षीदारांनीं एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट सांगितली, तर तिचें वजन वाढतें.

परंतु दोन्ही साक्षी एकाच गोष्टीविषयीं नाहींत हेंही ध्यानीं धरावें. अरुंद वलय फार तर ‘झाडास पाणी कमी पडलें’ एवढें सांगतें. धान्याचा भाव काय झाला, फौजेनें वैरण लुटली कीं नाहीं, सरकारानें सारा सोडला कीं नाहीं, हें झाड सांगत नाहीं. तें कागदच सांगतो. अवर्षण आणि दुष्काळ हे एक नव्हेत. तसेंच केरळांतील सागाची साक्ष देशावरील पावसास जशीच्या तशी लावतां येत नाहीं. जेथील प्रश्न, तेथील झाड, हा येथें नियम आहे.

(७)

वलयांवरून मिळालेलें वर्ष नेमकें कशाचें असतें? सालीखालचें शेवटचें वलय शाबूत असेल तर तें वृक्ष मेल्याचें किंवा तोडल्याचें वर्ष होय. याचें उत्तम उदाहरण न्यू फाउंडलंड बेटावरील लान्स ओ मेडोज येथें मिळतें. इ. स. ९९३ च्या सुमारास अंतरिक्षांतून आलेल्या किरणांच्या एका मोठ्या लोटामुळें जगांतील झाडांच्या त्या वर्षाच्या वलयांत किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण एकाएकीं वाढलें होतें. तेथील नॉर्स वस्तींतील, धातूच्या हत्यारानें कापलेल्या तीन लांकडांत तें वलय ओळखून त्यापासून सालीपर्यंत मोजणी केली तेव्हां तिन्हींत अठ्ठावीस वर्षें भरलीं. म्हणजे तीं झाडें १०२१ सालीं तोडलीं गेलीं. हा निर्णय २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. साल नसती तर हें वर्ष कळलें नसतें.

उलट बाजूचें उदाहरण ‘मसाया’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या व्हायोलिनचें. तें ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत असून त्याच्या चिठ्ठीवर स्ट्रादिव्हारी याचें नांव व १७१६ हें वर्ष आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तें पुढच्या शतकांतील बनावट असावें असा वाद निघाला. त्याच्या दर्शनी फळीचीं वलयें तपासतां सर्वांत नवें वलय १६८० नंतरच्या दशकांतील ठरलें. यावरून लांकूड चिठ्ठींतील वर्षापेक्षां जुनें आहे व चिठ्ठीशीं त्याचा विरोध नाहीं, एवढें सिद्ध झालें. तें व्हायोलिन त्याच कारागिराचें आहे हें केवळ वलयांवरून सिद्ध होत नाहीं. जुनें लांकूड नव्या हातासही मिळूं शकतें. जुन्या कोऱ्या कागदावर नवी सनद लिहिणारे आपल्या ओळखीचे आहेतच.

आपल्या तुळयांस ही दुसरी अडचण विशेष आहे. सागाचें बाहेरचें पांढरें लांकूड लवकर किडतें, म्हणून सुतार तें तासून टाकितो व चौरस तुळई काढितो. त्यांत किती वलयें गेलीं तें सांगतां येत नाहीं. अशा तुळईवरून ‘अमुक वर्षापूर्वीं झाड तोडलेलें नाहीं’ इतकेंच म्हणतां येतें. त्यांतही एका वाड्याच्या तुळया दुसऱ्या वाड्यास लावण्याची चाल जुनी आहे. तुळईवर निरुपयोगी खांचा व भोकें दिसलीं तर ती पूर्वीं अन्यत्र नांदली असावी असा संशय घ्यावा.

(८)

यावरून इतिहासाच्या अभ्यासकांचें कर्तव्य काय तें उघड होतें. जुने वाडे झपाट्यानें उतरविले जात आहेत. दारावरील कोरीव पट्टी, गणेशपट्टी, नक्षीचे खांब यांस घेणारे मिळतात. साधी कडी वखारींत जाते, रंध्याखालीं येते, आणि तिची उरलीसुरली बाहेरची वलयें भुशांत जातात. एखादें दफ्तर रद्दींत गेल्याची हळहळ आपणांस वाटते. हेंही एक दफ्तरच आहे, व त्याची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.

म्हणून वाडा उतरत असल्याचें कळतांच पुढील गोष्टी कराव्या. सुबक, चौरस तुळईपेक्षां जिच्या एखाद्या कोपऱ्यास खोडाची मूळ गोलाई, पांढरें लांकूड किंवा साल राहिली आहे अशी ओबडधोबड कडी शोधावी. तिच्या टोंकाची चार बोटें जाडीची चकती कापून घ्यावी. तिला तेल, रंग वा रोगण लावूं नये. चकतीवर गांव, वाडा, मजला, खण व तुळईचें टोंक हीं तत्काळ लिहावीं; ठिकाण न लिहिलेली चकती म्हणजे पुष्पिका फाटलेली पोथी. एका वाड्यांतून एक नव्हे, शक्य तितक्या चकत्या घ्याव्या. उभ्या व संरक्षित इमारतींस मात्र हात लावूं नये. तेथें परवानगीनें तज्ज्ञ लोक पोकळ गिरमिटानें बोटाहून बारीक कांडी काढितात. पोथ्यांच्या जुन्या फळ्याही घासून साफ करूं नयेत. त्यांच्या कडेचें, शेजारीं मोजपट्टी ठेवून, स्पष्ट छायाचित्र घ्यावें.

दुसरी गोष्ट आपणच करूं शकतों, वनस्पतिशास्त्रज्ञांस ती साधणार नाहीं. घराण्यांच्या दफ्तरांतून बांधकामाच्या खर्चाच्या याद्या असतात. त्यांत लांकूड कोणत्या रानांतून आणलें, केव्हां आणलें, जकात किती दिली, नवें घेतलें कीं जुनें मोडून घेतलें, हीं कलमें सांपडल्यास तीं उतरून चकतीबरोबर ठेवावीं. एकाच प्रदेशांतील सागाच्या मालिका परस्परांशीं जुळतात. म्हणून रानाचें नांव फार मोलाचें आहे. मिति ठाऊक असलेल्या वाड्याची साल-राखलेली तुळई ही सागाच्या मालिकेची कसोटी ठरेल. आणि मालिका जुळली म्हणजे ज्या वाड्याचा कागदच उरला नाहीं त्याच्या तुळईस बोलतें करतां येईल. मात्र वलयांचा निर्णय वलयांवरूनच होऊं द्यावा व कागदाचा कागदावरून; दोन्ही पुरे झाल्यावरच ते शेजारीं मांडावे. एकाचें उत्तर पाहून दुसऱ्याचें गणित जुळविलें तर साक्षीदार दोन न राहतां एकच उरतो.

एकशें बारा रेघा मोजणाऱ्या त्या गृहस्थाची जिज्ञासा खोटी नव्हती. त्यानें तुळईचा तो तुकडा फेंकून न देतां, ठिकाण लिहून, जपून ठेविला असता, तर त्याला हवें होतें तें उत्तर आज ना उद्यां कोणी तरी देऊं शकला असता.